जवसाचं तेल, गेरू आणि मांजरपाट

तैलरंगात काम करायची खूप इच्छा आहे, पण हात लावलेला नाही, अशी माणसं मला नेहमी भेटतात. कारणं बहुतेक सारखीच असतात. घरात लहान मूल आहे, एकच खोली आहे, टर्पेंटाईनच्या वासानं डोकं धरतं. यातलं एकही कारण खोटं नाही. मी स्वतः याच वासापायी चार वर्षं तैलरंग बाजूला ठेवले होते. परत आले ते विदर्भातून आलेल्या जवसाच्या तेलाच्या एका बाटलीमुळे. चटणीवर घ्यायला म्हणून आणलेलं लाकडी घाण्याचं तेल होतं ते. झाकण उघडल्यावर लक्षात आलं, की तैलरंगाचा खरा वास हा आहे. खमंग, किंचित कडसर, ओल्या बियांचा. इतकी वर्षं मी ज्याला तैलरंगाचा वास समजत होते तो थिनरचा, म्हणजे रंग पातळ करायला वापरतात त्या टर्पेंटाईनचा होता.

आणि थिनरशिवाय चित्र होतं. तैलरंग म्हणजे वाळणाऱ्या तेलात घोटलेली रंगाची पूड, बस्स. बामियानच्या बौद्ध लेण्यांमध्ये सातव्या शतकाच्या सुमाराची भित्तिचित्रं आहेत. त्यांतल्या काही चित्रांमध्ये असे वाळणाऱ्या तेलातले रंग सापडले आहेत. ट्यूब तर फार अलीकडची, १८४१ मध्ये जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकारानं तिचं पेटंट घेतलं. त्याआधी कितीतरी काळ रंग घोटण्याचं काम बहुधा चित्रशाळेतच व्हायचं. हे सगळं घरात, कमी खर्चात आणि कमीत कमी विषारी वस्तू वापरून कसं करायचं, ते या लेखात क्रमानं सांगते. ज्यांनी कधी ब्रश धरलेला नाही, त्यांनाही हे जमेल.

तेल कोणतं घ्यायचं

काही तेलं वाळतात, काही कधीच वाळत नाहीत. इथे वाळणं म्हणजे उडून जाणं नव्हे. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू शोषून घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंतून लवचीक, पक्का पापुद्रा तयार होतो. पाणी वाळलं की वजन घटतं, पण जवसाचं तेल वाळताना त्याचं वजन थोडं वाढतं. शेंगदाणा, खोबरेल आणि मोहरीच्या तेलात हा गुण नाही. त्यांत रंग कालवला तर वर्षभरानंही बोटाला लागेल.

आपल्याकडे मिळणारी वाळणारी तेलं मुख्यतः तीन.

जवस, म्हणजेच अळशी, हे पहिलं. क्रिकेटची नवी बॅट ज्यानं मुरवतात तेच हे तेल. चिवट पापुद्रा धरतं, लवकर वाळतं, पण काळानुसार थोडं पिवळं पडतं. दुसरं करडईचं. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे करडईची शेतं असतात, हे तेल अनेक घरांत रोजच्या जेवणात आहे. ते जवसापेक्षा खूपच कमी पिवळं पडतं, म्हणून रंगांच्या कंपन्या पांढरा रंग बहुधा करडईच्या तेलात घोटतात. पण वाळायला वेळ जास्त घेतं आणि पापुद्रा थोडा नाजूक होतो. तिसरं अक्रोडाचं. छानच असतं, पण महाग. सुरुवातीला त्याची गरज नाही.

खरेदी करताना दोन गोष्टी टाळा. हार्डवेअरच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड’ म्हणून अळशीचं तेल मिळतं, ते नको. लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात आणि ते गडद होत जातं. किराणा दुकानातलं रिफाइंड करडई तेलही भरवशाचं नाही. ते खवट होऊ नये म्हणून कधी कधी त्यात काही मिसळलेलं असतं. शिवाय करडईच्या काही नव्या जातींमध्ये ओलेइक आम्ल जास्त असतं आणि तसं तेल नीट वाळत नाही. घाण्यावरचं कच्चं तेल घ्या, आणि तरी आधी परीक्षा करा. काचेच्या तुकड्यावर तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि काच खिडकीत ठेवा. जवसाचं तेल साधारण आठवड्याभरात बोटाला चिकटेनासं होतं, करडईला दोन आठवडे द्या. महिन्यानंतरही काच ओली असेल तर ते तेल चटणीसाठी ठेवा.

घाण्याच्या तेलात थोडा चीक असतो, त्यामुळे रंग जास्त पिवळा पडतो. तो धुऊन काढता येतो, आणि या सगळ्या खटाटोपातलं हे माझं सगळ्यात आवडतं काम आहे. काचेच्या मोठ्या बरणीत एक वाटी तेल, दोन वाट्या पाणी, मूठभर स्वच्छ धुतलेली बारीक वाळू आणि चमचाभर मीठ घाला. झाकण घट्ट लावून पाच मिनिटं जोरात हलवा आणि बरणी दिवसभर स्थिर ठेवा. तळाला वाळू, मध्ये गढूळ पाणी, पाणी आणि तेलाच्या सीमेवर पांढुरका चीक आणि वर तेल, असे थर दिसतील. पळीनं वरचं तेल अलगद काढा. नंतर नुसत्या पाण्यानं तीन-चार वेळा हेच करा. पाणी निवळ राहू लागलं की तेल धुतलं गेलं. मग ते स्वच्छ बरणीत भरून झाकण जरा सैल ठेवा आणि बरणी उन्हात ठेवून द्या. आपलं एप्रिलमधलं ऊन या कामासाठीच असावं असं मला वाटतं. दोन-तीन आठवड्यांत उरलासुरला पाण्याचा अंश जातो आणि मधासारखं तेल फिक्या लिंबासारखं होतं. इतका वेळ नसेल तर कलासाहित्याच्या दुकानातली रिफाइंड लिनसीड ऑइलची छोटी बाटली घ्या. तिनंही काम भागतं.

रंग: माती, आणि मातीच

बहुतेक नवशिके बारा ट्यूबांचा संच विकत घेतात. मी म्हणेन, चार रंग पुरे. तांबडा, पिवळा, काळा, पांढरा.

तांबडा म्हणजे गेरू. तुळशीवृंदावनाला लावतात, कुंडीला फासतात, वारली चित्राच्या भिंतीला सारवतात, तोच. कोकण-गोव्यात याच जातीच्या मातीला काव म्हणतात, आणि देवळांच्या चुन्याच्या भिंतींवर तिच्यानं केलेलं कावीचं नक्षीकाम आजही पाहायला मिळतं. पिवळा म्हणजे पिवळी माती, काही ठिकाणी रामरज म्हणतात. दोन्हींचा रंग लोहामुळे येतो. ऊन, चुना, हवा, तेल, यांपैकी कशानंही तो बदलत नाही. अजिंठ्याच्या भिंतींवर पाचव्या शतकापासून जे तांबडे-पिवळे टिकून आहेत ते अशाच मातीचे आहेत. तिथला हिरवाही बेसाल्टच्या खडकात सापडणाऱ्या हिरव्या मातीचा. फक्त ती चित्रं तेलातली नाहीत, तिथला बंध, म्हणजे रंगाची पूड धरून ठेवणारा पदार्थ, डिंक-सरसासारखा आहे.

गेरू रंगवाल्याकडे मिळतो, काष्ठौषधींच्या दुकानात सोनकाव मागितलीत तर सहसा जास्त मऊ, शुद्ध माल मिळतो. आणलेला गेरू खरा आहे का, हे तपासायची सोपी रीत आहे. चमचाभर पूड ग्लासभर पाण्यात ढवळा आणि रात्रभर ठेवा. सकाळी वरचं पाणी जवळजवळ स्वच्छ असेल तर ती माती आहे. पाणी लाल-गुलाबीच राहिलं तर त्यात बहुधा कृत्रिम डाय मिसळला आहे, आणि तसा असेल तर तो उन्हात उडेल.

कोकणात घर असेल तर अंगणातली तांबडी मातीसुद्धा चालते. बादलीत माती पाण्यात कालवा, अर्धा मिनिट थांबा, आणि वरचं रंगीत पाणी दुसऱ्या भांड्यात ओता. खडे-वाळू खाली राहतात. दुसऱ्या भांड्यातही तेच करा, या वेळी एक-दोन मिनिटं थांबून. शेवटचं गढूळ पाणी दोन दिवस निवळू द्या, वरचं पाणी काढून टाका, तळाचा गाळ ताटलीत वाळवा. खलबत्त्यात हलकेच फोडून सुती कापडातून गाळा. वैद्य ज्याला वस्त्रगाळ म्हणतात तितकी बारीक पूड हवी. हा खलबत्ता परत स्वयंपाकघरात नेऊ नका.

काळा रंग म्हणजे काजळी. तेलाच्या दिव्यावर स्टीलची ताटली धरून ती धरता येते, डोळ्यांसाठी काजळ पाडायचे तशीच. काजळी पाण्यावर तरंगते पण तेलात सुखानं मिसळते. मात्र ती फार तेल पिते आणि वाळायला रेंगाळते, म्हणून चित्राच्या खालच्या थरात नुसती काजळी जाड लावू नका, गेरूत मिसळून लावा.

पांढऱ्याची अडचण आहे, आणि ती मोकळेपणानं सांगायला हवी. खडू, चुना, तांदळाचं पीठ भिंतीवर पांढरं शुभ्र दिसतं, कारण कणांच्या मध्ये हवा असते. तेलात मात्र खडूची पूड जवळजवळ पारदर्शक होते, कारण तेल आणि खडू प्रकाशाला साधारण सारखंच वळवतात. मळकट पुटीसारखं काहीतरी हाती लागतं. म्हणून पांढऱ्याची ट्यूब विकतच घ्या. टायटॅनियम व्हाइट, ट्यूबवर ‘पीडब्ल्यू ६’ लिहिलेलं. त्याचं उत्पादन पर्यावरणावर अजिबात भार टाकत नाही असं म्हणता येणार नाही, पण वापरणाऱ्याला ते जवळपास निर्धोक आहे आणि त्याला घरगुती पर्याय नाही. झिंक व्हाइट एकट्यानं वापरू नका. काही वर्षांत ते ठिसूळ होतं आणि चित्राला तडे जातात.

निळ्याचा मोह झालाच तर अल्ट्रामरीन घ्या, ‘पीबी २९’. हा रंग १८२८ पासून कृत्रिमरीत्या तयार होतो. चिनी माती, सोडा, गंधक आणि कोळसा भाजून बनवतात, आणि तो विषारी नाही. पण पहिली दोन-तीन चित्रं निळ्याशिवाय करून बघा. काजळी आणि पांढरा मिसळून जो राखाडी होतो, तो गेरूच्या शेजारी ठेवला की निळा दिसतो. पिवळी माती आणि काजळी मिळून शेवाळी हिरवा होतो. गेरू, काजळी आणि पांढऱ्यातून कांद्याच्या सालीचा जांभळट रंग निघतो. स्वीडनचा चित्रकार अँडर्स झोर्न अशाच चार रंगांत, म्हणजे पिवळी माती, हिंगूळ, काळा आणि पांढरा यांत, केलेल्या कामासाठी ओळखला जातो. रंग कमी असले की डोळा जास्त काम करायला लागतो.

निसर्गातलं सगळंच निर्धोक नसतं

इथे जरा थांबते, कारण हौसेनं ‘नैसर्गिक’ साहित्य शोधायला निघालेली माणसं इथेच चुकतात.

पारंपरिक शेंदूर हा शिशाचा. हिंगूळ पाऱ्याचा. हरताळ आणि मनशीळ या सोमलाच्या, म्हणजे आर्सेनिकच्या. जुना सफेदा शिशाचा. या सगळ्या वस्तू जुन्या चित्रांत सापडतात, यांतल्या काही पूजासाहित्याच्या किंवा औषधी दुकानात सहज मिळतात, आणि दिसायलाही फार सुंदर असतात. घरात यांची पूड घोटू नका. विशेषतः मुलं असलेल्या घरात यांना उंबरठा ओलांडू देऊ नका.

दुसऱ्या टोकाला हळद, बीट, पळसाची फुलं, जास्वंद. यांच्यापासून इजा नाही, पण रंग टिकत नाही. हळदीचा पिवळा उन्हात काही दिवसांत विटतो. कापड रंगवायला किंवा मुलांबरोबर कागदावर खेळायला घ्या, तैलचित्रात नको.

टर्पेंटाईनबद्दलही हेच. ते चीडाच्या डिंकापासून काढतात, म्हणजे वनस्पतीचंच. तरी त्याची वाफ श्वासात जाते, डोळे चुरचुरतात, काहींच्या कातडीवर पुरळ उठतं. ‘बिनवासाचं’ म्हणून मिळणारं थिनर पेट्रोलियमपासून बनतं. त्याला वास नाही म्हणून आपण खिडकी उघडत नाही, वाफ मात्र खोलीत असतेच. आपल्याला यांतलं काहीच लागणार नाही.

शेवटची काळजी धुळीची. गेरू खाल्ला तर काही होईल असं नाही, पण कोणतीही बारीक पूड फुप्फुसात जाणं वाईट. कोरडी पूड हाताळताना मास्क लावा, पंखा बंद ठेवा, सांडलं तर झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसा. एकदा तेलात भिजली की ती उडत नाही.

रंग घोटणं

लागणाऱ्या वस्तू थोड्या आहेत. जाड काच किंवा गुळगुळीत संगमरवराचा तुकडा, लवचीक पात्याची पॅलेट नाइफ, आणि सपाट, जड बुडाचा काचेचा पेला. खरा मलर, म्हणजे रंग घोटायचा सपाट बुडाचा काचेचा बत्ता, मिळाला तर उत्तम, पण पेल्यानंही भागतं.

दोन चमचे पूड काचेवर ढीग करा, मध्ये खळगा करा, कणीक भिजवताना करतो तसा. त्यात अर्धा चमचा तेल घाला आणि नाइफनं कालवा. मिश्रण कोरडं, भुरभुरीत वाटेल. लगेच आणखी तेल ओतायचा मोह आवरा. दाबून कालवत राहिलं की तेच मिश्रण ओलसर होत जातं. अगदीच मिळून येईना तर थेंबाथेंबानं तेल वाढवा. घट्ट लोण्यासारखं झालं की पेल्याचं बूड त्यावर ठेवून इंग्रजी आठच्या आकड्यात फिरवा. सुरुवातीला करकर आवाज येतो. दहा-पंधरा मिनिटांत तो आवाज मऊ होत होत थांबतो आणि रंगाला एक तजेला चढतो. मला हा क्षण चित्र काढण्याइतकाच प्रिय आहे. हाताला कळतं, की आता झालं.

पिवळी माती खूप तेल पिते, गेरू त्यामानानं कमी. प्रत्येक मातीचा स्वभाव वेगळा, त्यामुळे नेमकं प्रमाण कुणी सांगितलं तरी त्यावर अवलंबून राहू नका. घोटलेला रंग नाइफनं उचलला की टोक धरून उभा राहिला पाहिजे. ओघळला तर तेल जास्त झालं, आणखी पूड घाला.

उरलेला रंग लहान काचेच्या डबीत दाबून भरा, वर अर्धा सेंटिमीटर पाणी घाला, झाकण लावा. हवा लागत नाही, म्हणून रंग काही आठवडे तरी ताजा राहतो. वापरायच्या वेळी पाणी ओतून टाका. डबीवर नाव आणि तारीख लिहा, आणि ती खाण्याच्या वस्तूंपासून लांब ठेवा.

घोटायची हौस नसेल तर ट्यूब घेण्यात काही कमीपणा नाही. फक्त ट्यूबच्या मागची बारीक अक्षरं वाचा. ‘पीवाय ४२’ किंवा ‘४३’ म्हणजे पिवळी माती, ‘पीआर १०१’ किंवा ‘१०२’ म्हणजे तांबडी, ‘पीबीआर ७’ म्हणजे तपकिरी. कॅडमियम आणि कोबाल्टवाले रंग सोडा.

चित्र कशावर काढायचं

बाजारातला तयार कॅनव्हास बहुतेक वेळा अ‍ॅक्रिलिकचा हात दिलेला असतो, म्हणजे प्लॅस्टिकचा. तो वापरला म्हणून आकाश कोसळत नाही, पण स्वतः तयार केलेल्या पाटीवर ब्रश कसा सरकतो हे एकदा अनुभवाच.

सगळ्यात सोपं म्हणजे जाड हातकागद. पुण्यातली हातकागद संस्था १९४० पासून कापडाच्या चिंध्यांच्या लगद्यापासून कागद बनवत आली आहे, आणि चिंध्यांचा कागद लाकडाच्या लगद्याच्या कागदापेक्षा कितीतरी टिकाऊ असतो. पण कागद असो की कापड, तेल थेट लागलं तर धागा हळूहळू कुजतो. म्हणून आधी खळ किंवा सरस लावून मधे पडदा घालायचा.

पक्कं काम हवं असेल तर मांजरपाट घ्या. न धुवट, जाड, सुती. गरम पाण्यात धुऊन, वाळवून, इस्त्री करून प्लायवूडच्या तुकड्यावर चिकटवायचं. सुताराकडे फेकायला काढलेले तुकडे असतात, आठ बाय दहा इंचाचा पुरे. चिकटवायलाही सरसच वापरा. एक भाग सरस, दहा भाग पाणी, रात्रभर भिजवा. सकाळी भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून विरघळू द्या. उकळू मात्र देऊ नका, उकळला की चिकटपणा जातो. सरस जनावरांच्या कातड्यापासून-हाडांपासून बनतो. ज्यांना तो नको असेल त्यांनी मैद्याची किंवा साबुदाण्याची पातळ खळ वापरावी. फक्त खळीला पावसाळ्यात बुरशी आणि झुरळं लागतात. पुस्तकबांधणीवाले यासाठी खळीत मोरचूद घालतात, पण ते विषारी आहे, आपण घालायला नको. खळीचं काम हिवाळ्यात-उन्हाळ्यात करा आणि पाटी कडक वाळवा.

कापड चिकटून वाळलं की याच कोमट सरसात खडूची पूड घालून दुधावरच्या सायीइतकं दाट मिश्रण करा. पहिला हात आडवा, वाळल्यावर दुसरा उभा, असे चार हात द्या. प्लास्टर ऑफ पॅरिस आणि खडूची पूड यांत गल्लत करू नका. शेवटी बारीक पॉलिश पेपर फिरवला की अंड्याच्या कवचासारखा पृष्ठभाग मिळतो. तो रंगातलं तेल फार ओढत असेल तर वरून पातळ सरसाचा एक हात द्या. खडूचा हा थर कडक असतो, तो लाकडाच्या आधारावरच द्यायचा. सैल कापडावर दिला तर तडकतो.

पहिलं चित्र

माठ आणि दोन कांदे. हे मी मुद्दाम सुचवते, कारण आपल्या चार रंगांत ते जसेच्या तसे सापडतात. खिडकीच्या एका बाजूनं प्रकाश येईल असं मांडा आणि त्याच वेळेला रोज बसा.

आदल्या दोन-तीन दिवशी पाटीला रंग चढवून ठेवायचा. थोडा गेरू चिंधीवर घेऊन सगळीकडे चोळा आणि दुसऱ्या कोरड्या चिंधीनं पुसून काढा. पांढऱ्याऐवजी उबदार तांबूस जमीन मिळते, आणि पांढरा कागद पाहून येणारी धास्ती जाते.

वाळल्यावर कोळशानं आकार काढा आणि फडक्यानं झटका, पुसट रेघ राहील. आता डोळे अर्धवट मिटून बघा. फक्त सावल्या दिसतील. गेरू आणि काजळी मिसळून कडक केसांच्या ब्रशनं त्या सावल्या चोळून भरा. थिनर नसलं की रंग पातळ कसा करायचा, असं सगळे विचारतात. उत्तर हेच, पातळ करायचा नाही, चोळून पसरवायचा. डुकराच्या केसांचा किंवा तितकाच ताठ कृत्रिम ब्रश असला की कणभर रंग तळहाताएवढी जागा व्यापतो. जिथे उजेड हवा तिथला रंग चिंधीनं टिपून घ्या, खालची तांबूस जमीन परत वर येते. या पायरीवर अर्धा तास नुसतं लावणं आणि पुसणं चालू ठेवा. जलरंगात चूक कागदात मुरते, अ‍ॅक्रिलिक पाच मिनिटांत सुकतं. इथे संध्याकाळी केलेली माठाची कड दुसऱ्या दिवशी सकाळीही बोटानं हलवता येते. तैलरंगात जीव रमतो तो या सवडीमुळे.

मग अंगरंग, म्हणजे वस्तूचा स्वतःचा रंग. माठाच्या उजेडाच्या बाजूला गेरू, पिवळी माती, थोडा पांढरा. कांद्याला गेरू, पांढरा आणि ब्रशच्या टोकाइतकी काजळी. मागच्या भिंतीला काजळी-पांढऱ्याचा थंड राखाडी. सावली पातळ ठेवा, उजेड जाड लावा.

एका बैठकीत पूर्ण झालं तर छान. नाही झालं तर आठवडाभर थांबा. पुढच्या थरासाठी एक नियम पाठ करा: खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा. वरचा थर कोरडा आणि खालचा तेलकट असला तर वरचा आधी वाळून ताठरतो, खालचा हलत राहतो, आणि तडा जातो. म्हणून पहिल्या बैठकीत तेल मुळीच मिसळू नका, दुसऱ्यात चिंचोक्याएवढ्या रंगाला एखादा थेंब पुरे. मातीचे रंग लवकर वाळतात, काजळी आणि करडईतला पांढरा मागे राहतात. पावसाळ्यात सगळंच लांबतं.

सगळ्यात शेवटी माठाच्या ओठावरचा चकाकता ठिपका. पांढऱ्यात नखभर पिवळी माती, जाड, एकाच फटक्यात ठेवून द्या. पुन्हा त्यावर ब्रश फिरवू नका.

आवरताना

या भागाची घाई करू नका, तैलरंगातला खरा धोका इथेच आहे. जवसाच्या तेलानं भिजलेली चिंधी वाळताना उष्णता सोडते. चिंध्यांचा बोळा करून कचऱ्याच्या डब्यात टाकला तर ती उष्णता कोंडते आणि काडी न लावता, आपोआप पेट घेऊ शकते. ही अतिशयोक्ती नाही, सुतारकामाच्या जागी अशा आगी लागलेल्या आहेत. म्हणून प्रत्येक चिंधी सुटी पसरून दोरीवर मोकळ्या हवेत वाळवा. ती पापडासारखी कडक झाली की टाकायला हरकत नाही. बाल्कनी नसेल तर पाण्यानं भरलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा. दुसऱ्या माणसाला शिकवताना मी हे ब्रश धरण्याआधी सांगते.

ब्रश असे धुवा. आधी कागदावर आणि चिंधीत दाबून निघेल तितका रंग काढा. मग वाटीत चमचाभर करडईचं तेल घेऊन त्यात ब्रश खळबळा, पुन्हा पुसा, असं दोन-तीनदा. शेवटी कोमट पाणी आणि साधा अंगाचा साबण तळहातावर घासून मुळापर्यंत धुवा. फेस पांढरा येईपर्यंत. पैठणी धुवायला वापरतो ते रिठ्याचं पाणीही शेवटच्या धुण्याला चांगलं, केस मऊ राहतात. ब्रश आडवे वाळवा, उभे ठेवले तर पाणी मुठीत उतरतं आणि केस सुटतात.

वाटीतलं मळकं तेल मोरीत ओतू नका. बरणीत जमा करा. आठवड्याभरात माती तळाला बसते, वरचं तेल पुन्हा ब्रश खळबळायला चालतं, आणि तळाचा गाळ पुढच्या पाटीला जमीन चढवायला. काचेवर उरलेला रंग नाइफनं खरवडून त्यातच मिसळायचा. काही महिन्यांत त्याचा एक सुंदर, कुठल्याही दुकानात न मिळणारा करडा तयार होतो.

चित्र वाळायला ठेवताना भिंतीकडे तोंड करून किंवा कपाटात बंद करून ठेवू नका. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. पडलंच तर चित्र काही दिवस खिडकीच्या उजेडात आणून ठेवा, बराचसा पिवळेपणा निघून जातो. व्हार्निशचा विचार सहा महिने ते वर्षभर तरी करू नका. तोवर चित्र उजेडाच्या भिंतीवर टांगा, आणि मधून मधून एका कडेला बोट लावून बघा, किती वाळलंय.